तीस तासांचा एक श्रेयांक

रत्नागिरीत दहावी होऊन अकरावीला गेलेल्या कोणाही मुलाला विचारा, तो "कॉलेजला जातो" असेच सांगेल. त्यात खोटे काही नसते. पुष्कळदा त्याचा वर्ग पदवीच्या वर्गांच्या आवारातच भरतो, फाटक एक असते, सायकली लावण्याची जागा एक असते आणि उपाहारगृहातला वडाही एकाच कढईतला असतो. परंतु कागदोपत्री हा मुलगा कॉलेजात नसतो. त्याची परीक्षा राज्य मंडळ घेते. विद्यापीठाच्या दप्तरात त्याचे नाव नसते. त्या आवारात दोन वर्षे तो जे शिकतो त्यातले काहीही, अगदी एका तासाचेही, पदवीच्या खात्यावर जमा होत नाही. बारावीचा निकाल लागतो, तो त्याच फाटकातून पुन्हा आत येतो आणि व्हर्नियर कॅलिपर हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

ही अवस्था बदलण्याचे आश्वासन देणारा एक सरकारी दस्तऐवज एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. शिक्षकांपैकी फार थोड्यांनी तो मुळातून वाचला असेल, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. आतापर्यंत या योजनेतले त्यांच्या वाट्याला आले ते बहुधा मुलांचे 'अपार' क्रमांक तयार करण्याचे आणि आधारवरील नाव व शाळेतील नाव यांतील वेलांट्यांचे फरक दुरुस्त करण्याचे काम. पण दस्तऐवज महत्त्वाचा आहे आणि त्यावर शाळेच्या बाजूने बोलले गेले पाहिजे, म्हणून हा लेख.

आराखड्यात सांगितलेले थोडक्यात असे. विद्यार्थ्याने वर्षभरात साधारण १२०० तास शिक्षणासाठी द्यावेत. ३० तासांचा एक श्रेयांक, म्हणजे आपण ज्याला सर्रास क्रेडिट म्हणतो ते. याप्रमाणे वर्षाचे ४० श्रेयांक होतात. हा हिशेब केवळ महाविद्यालयाला नाही, शाळेलाही लागू आहे. शिक्षणाच्या पातळ्यांना अंक दिले आहेत: पाचवी १, आठवी २, दहावी ३, अकरावी साडेतीन, बारावी ४, पदवीचे प्रथम वर्ष साडेचार, अशा चढत चढत पीएच.डी. ८. मिळवलेले श्रेयांक २०२१ साली स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतील आणि विद्यार्थी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेला की बरोबर जातील. विशेष बुद्धीच्या विद्यार्थ्यांना वेगाने पुढे जाण्यास वाव असावा, असेही त्यात म्हटले आहे. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०२४-२५ पासून सहावी, नववी व अकरावीसाठी हा आराखडा प्रायोगिक स्वरूपात राबवण्यासाठी शाळांना बोलावले.

यातील मूळ विचार मला मान्य आहे. मुलाने केलेला अभ्यास, तो कोठेही केलेला असो, त्याचा स्वतःचा असतो आणि संस्था बदलली म्हणून तो नाहीसा होऊ नये. घरच्या अडचणीने अकरावीनंतर शिक्षण सोडावे लागलेल्या मुलीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. माझे आक्षेप दोन आहेत. पहिला मोजमापाविषयी आहे, दुसरा विश्वासाविषयी.

मोजमापाचे आधी पाहू. तासाने शिक्षण मोजण्याची कल्पना अमेरिकेतून आली, आणि तिचा जन्म निवृत्तिवेतनाच्या हिशेबात झाला. प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी अँड्र्यू कार्नेगी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक निधी उभारला. तो कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा, हे ठरवण्यासाठी महाविद्यालय कशाला म्हणावे, हे ठरवणे भाग पडले. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने शाळेत अमुक इतके तास अभ्यास केलेला असला पाहिजे, अशी अट आली, आणि १२० तासांचे एक 'कार्नेगी एकक' रूढ झाले. निवृत्तिवेतनासाठी माणसे काय काय मान्य करतात, हे आपल्याकडच्या शिक्षकांना सांगायला नको. मुद्दा असा, की हे एकक संस्थांची तुलना करण्यासाठी निघाले होते. विद्यार्थ्याच्या डोक्यात काय शिरले, ते मोजण्यासाठी निघाले नव्हते.

आपल्या आराखड्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. मिळालेल्या श्रेयांकांना पातळीच्या अंकाने गुणायचे आणि येणाऱ्या संख्येला श्रेयांक-गुण म्हणायचे. म्हणजे अकरावीचे वर्ष ४० गुणिले ३.५ बरोबर १४०, बारावीचे १६०, प्रथम वर्षाचे १८०. विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबून विचारले पाहिजे, की हा गुणाकार कशाचा?

मोहची काठिण्यश्रेणी आपण सगळेच शिकवतो. पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. हे अंक फक्त क्रम सांगतात. हिरा कुरुंदावर ओरखडा काढतो, कुरुंद पुष्कराजावर काढतो, एवढाच त्यांचा अर्थ. प्रत्यक्ष मोजमाप केले तर हिऱ्याची कठीणता कुरुंदाच्या जवळजवळ चौपट भरते. म्हणून कोणी मोहच्या अंकाने वजनाला गुणून 'काठिण्य-किलो' असे एकक काढले, तर आपण त्याला नापास करू. शिक्षणाच्या पातळ्यांचे अंकही असेच क्रमदर्शक आहेत. बारावीनंतर प्रथम वर्ष येते, एवढे ते सांगतात. पण गुणाकार केल्याबरोबर ते वजनासारखे वागू लागतात. दोन श्रेयांकांचा रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम बारावीच्या पातळीवर केला तर ८ गुण आणि महाविद्यालयाच्या पातळीवर केला तर ९. हा एक गुण कशाचा आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

येथे मला माझी अकरावी आठवते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी आम्हा दोघा-तिघांना खाडीच्या पाण्याची क्षारता मोजायला लावली. भाट्याच्या खाडीवर जायचे, औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत पाणी भरायचे, तारीख लिहायची, प्रयोगशाळेत आणून ते दहापट सौम्य करायचे आणि सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन करायचे. दर्शक म्हणून पोटॅशियम क्रोमेट. आधी सिल्व्हर क्लोराईडचा पांढरा साका बसतो. सगळे क्लोराईड संपले की पुढच्या थेंबाला विटकरी रंग टिकून राहतो. सिल्व्हर नायट्रेट महाग, त्यामुळे सर ते स्वतः मोजून देत आणि सांडले तर चेहऱ्यावर दाखवत.

दोन महिन्यांचे आकडे जमले आणि आम्ही आलेख काढला. आलेख नव्हताच तो, शिंतोडे होते. एका आठवड्यात समुद्राइतके खारट, म्हणजे किलोला ३५ ग्रॅमच्या आसपास, पुढच्या आठवड्यात त्याच्या निम्मे. आमची ब्युरेट चुकते आहे असे वाटून आम्ही सगळी अनुमापने पुन्हा केली. उत्तरे तीच आली. सरांनी काहीच सांगितले नाही, फक्त विचारले, "पाणी भरलंत तेव्हा भरती होती की ओहोटी?" आम्ही तारीख लिहिली होती, वेळ लिहिली नव्हती. दोन महिन्यांचे काम फुकट गेले होते. तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक बाटलीवर भरतीची वेळ लिहिली जाऊ लागली, आणि हळूहळू शिंतोड्यांतून दोन रेषा वेगळ्या दिसू लागल्या. पावसाळा लागला तशा त्या दोन्ही खाली आल्या, ओहोटीची फार वेगाने.

या सगळ्याला किती तास लागले? फार तर वीस-पंचवीस. आराखड्याच्या हिशेबाने पुरता एक श्रेयांकही नाही. फुकट गेलेले तास धरायचे की नाहीत, हाही प्रश्नच आहे. पण प्रयोगातील कोणती राशी स्थिर ठेवायची आणि कोणती नोंदायची, हे मी त्या फुकट गेलेल्या तासांत शिकलो, आणि पुढे संशोधनात मला त्याइतके उपयोगी दुसरे काही पडलेले नाही.

पुढे दुसऱ्या एका शहरात प्रथम वर्षाला गेलो. पहिल्या प्रात्यक्षिकाला फळ्यावर लिहिलेले होते: आम्ल-अल्कली अनुमापन. हे मी दोन वर्षे केले आहे, याऐवजी दुसरे काही करू का, असे मी विचारले. उत्तर मिळाले, "जर्नल पूर्ण करा." उत्तर देणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्यासमोर वीस विद्यार्थी होते, त्यांतल्या किती जणांनी बारावीत ब्युरेट खरोखर हातात धरली होती आणि किती जणांनी दुसऱ्याची जर्नल उतरवली होती, हे कळायला त्यांच्याकडे मार्ग नव्हता. गुणपत्रिकेवर सर्वांना प्रात्यक्षिकात जवळजवळ सारखेच गुण होते.

माझा दुसरा आक्षेप येथून निघतो. श्रेयांक ही उसनवारीची चिठ्ठी आहे. ती लिहिणारा कोण, यापेक्षा ती स्वीकारणारा कोण, यावर तिची किंमत ठरते. कोकण विभागीय मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ साली ९७.५१ टक्के आणि २०२५ साली ९६.७४ टक्के लागला. विभाग राज्यात वर्षानुवर्षे पहिला येतो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण शंभरांतले सत्त्याण्णव उत्तीर्ण होतात, तेव्हा 'उत्तीर्ण' या शब्दातून स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाला काहीच कळत नाही. सगळ्या पातेल्यांत सारखेच तापमान दाखवणारा तापमापक आपण फेकून देतो. त्याच गुणपत्रिकेवर उद्या ४० श्रेयांक छापले, तरी प्रयोगशाळेतल्या त्या गृहस्थांचे उत्तर बदलणार नाही. मुले अकरावीत नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात घालतात आणि दिवसभर बसतात प्रवेश-परीक्षांच्या क्लासमध्ये, हा 'इंटिग्रेटेड' प्रकार तर सर्वांना ठाऊक आहे. १२०० तासांची नोंद तेथेही निष्ठेने होईल.

काहींना वाटते, की शाळकरी वयात महाविद्यालयाचा अभ्यास ही परदेशी कल्पना आहे आणि आपल्याकडे ती रुजणार नाही. इतिहास उलट आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. शाळा संपल्याचा दाखला तेव्हा विद्यापीठच देत असे. रत्नागिरीत १९४५ साली महाविद्यालय निघाले, आजचे गोगटे-जोगळेकर, तोपर्यंत मॅट्रिक झालेल्या मुलाला पुणे, सांगली, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागे. पण तेथे गेला की तो थेट महाविद्यालयाचा विद्यार्थी होई. अकरा वर्षे शाळा आणि चार वर्षे पदवी, एकूण पंधरा. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनुसार दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली आणि बारावीची पहिली १९७७ साली. बेरीज पुन्हा पंधराच. मध्ये झाले ते एवढेच, की बारावे वर्ष विद्यापीठाच्या खिशातून काढून मंडळाच्या खिशात घातले गेले. आज सत्तरीत असलेल्या कोणाही निवृत्त शिक्षकाला विचारा, ते सतराव्या वर्षी विद्यापीठाचे विद्यार्थी होते. आज त्याच वयाचा, त्याच आवारातला मुलगा तसा नाही. ही रेषा आपणच आखलेली आहे.

शिवाय एक दार आपल्याकडे आधीच उघडे आहे, आणि आराखड्यावरील चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. दहावीनंतर मुलगा तंत्रनिकेतनात जातो, तीन वर्षांची पदविका घेतो आणि अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश करतो. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेला मुलगा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी केलेला अभ्यास पदवीच्या एका संपूर्ण वर्षाऐवजी धरला जातो. येथे बँक नाही, पातळ्यांचा गुणाकार नाही. हे चालते, कारण पदविकेत काय शिकवले जाते ते घेणाऱ्या महाविद्यालयाला माहीत असते, आणि नियमाने त्या जागा ठेवलेल्या असतात. त्याचे दुखणेही आपल्या परिचयाचे आहे. थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुले यंत्रावर तरबेज असतात आणि गणितात अडखळतात, कारण पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्या वाट्याला आलेलेच नसते. त्यासाठी पूरक अभ्यासक्रम द्यावेत, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे सांगणे आहे. वर्ष वाचले तरी त्या वर्षातले गणित वाचत नाही, ते कोठेतरी शिकावेच लागते.

अमेरिकेचा अनुभव यापुढे उपयोगी पडतो. तेथे यासाठी ढोबळपणे दोन वाटा आहेत. एक परीक्षेची. 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचे अभ्यासक्रम १९५५ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते, शाळेत ते शिकायचे, मे महिन्यात परीक्षा द्यायची आणि पाचपैकी किती गुण मिळाले ते पाहून महाविद्यालयाने सूट द्यायची किंवा नाही ते ठरवायचे. ही वाट सुटसुटीत आहे, पण परीक्षेची फी भरणारे पालक आणि तो अभ्यासक्रम शिकवू शकणाऱ्या शाळा जेथे आहेत, तेथेच ती रुंद होते. दुसरी वाट प्रत्यक्ष प्रवेशाची. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना महाविद्यालयात जाऊन शिकण्याची मुभा दिली, आणि त्याचा खर्च सरकारने उचलला. आपल्या दृष्टीने मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो सिरॅक्यूज विद्यापीठाचा १९७२ पासूनचा प्रयोग. त्यात मूल शाळेतच राहते. विद्यापीठ शाळेच्या शिक्षकाला बोलावते, प्रशिक्षण देते, आपला अभ्यासक्रम त्याच्या हाती सोपवते आणि त्याने शिकवलेल्या विषयाचे श्रेयांक स्वतःचे म्हणून देते.

म्हणजे विश्वासाचा प्रश्न त्यांनी तासांनी सोडवला नाही, शिक्षकामार्फत सोडवला. आपल्या आराखड्यात पातळ्या, बँका आणि नोंदणी यांचा तपशील जितका भरघोस आहे, तितका या शिक्षकाचा नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. अकरावीच्या वर्गावर एम.एस्सी. झालेले, प्रसंगी पीएच.डी. झालेले शिक्षक आज कोकणातही आहेत. पदवीच्या वर्गावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याइतकीच त्यांची तयारी असते. दोघांचे सामायिक काम मात्र बहुधा परीक्षेच्या बैठकव्यवस्थेपुरते असते.

ऑनलाईन अभ्यासक्रमांनी हे सगळे साधेल, असे सांगितले जाते. आयआयटी मद्रासच्या २०२० साली सुरू झालेल्या ऑनलाईन पदवीसाठी अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलालाही पात्रता-परीक्षा देता येते. प्रवेश मात्र बारावीनंतरच. गणित किंवा संगणकशास्त्र या मार्गाने जरूर शिकता येईल. पण मंडणगडच्या किंवा राजापूरच्या आतल्या गावातील मुलाला परीक्षाकेंद्रापर्यंत जायचा एसटीचा प्रवास आणि इंग्रजीतील व्याख्याने हे दोन्ही गृहीत धरावे लागेल, आणि विटकरी रंग कधी टिकला हे पडद्यावर कळत नाही.

मग काय करावे, असे कोणी विचारील. मला तरी मोठी योजना सुचत नाही. एक महाविद्यालय आणि त्याच्या आसपासची चार कनिष्ठ महाविद्यालये यांनी एकच अभ्यासक्रम घ्यावा, दोन श्रेयांकांचा, प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. विषय खाडीच्या पाण्याचा असेल, जांभ्या दगडातील लोहाचा असेल, काहीही. अकरावीचा शिक्षक आणि पदवीचा शिक्षक या दोघांनी मिळून तो शिकवावा, आणि मुलाची नोंदवही दोघांनीही तपासावी, फुकट गेलेल्या नोंदींसकट. महाविद्यालयाने आधीच लेखी द्यावे, की हे काम केलेला विद्यार्थी आमच्याकडे प्रथम वर्षाला आला, तर त्याला तेवढ्या प्रात्यक्षिकांतून सूट मिळेल आणि त्या वेळात त्याला पुढचे काम दिले जाईल. हे शेवटचे वाक्य लिहून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. सूट मिळाली आणि त्या तासांना मुलगा उपाहारगृहात बसला, तर कोणाचेच भले झाले नाही.

वेळेची अडचण निघेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा मोकळ्या असतात, पण आंब्याच्या हंगामात इथली निम्मी मुले मोकळी नसतात. दिवाळीची सुट्टी पुरत नाही. शनिवारी दुपारी चार तास धरले तर पंधरा शनिवार लागतात. जुलैपासून सुरुवात केली, तर नोव्हेंबरपर्यंत होतात, आणि पावसाळ्यातील व पावसाळ्यानंतरची अशी दोन्ही पाणी हाताशी येतात. सिल्व्हर नायट्रेट आजही महागच आहे, ते सरांनी मोजूनच द्यावे लागेल.